चौदा नंबरची तुती

शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण आणि अर्धा गाल मोकळा, अशा अवस्थेत माणसाने सरकारी पत्र वाचू नये. मी वाचलं. आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, आणि त्यासाठी दरवर्षी परवानगी घ्यावी लागते. यंदा त्या परवानगीला एक नवं कलम फुटलं होतं: 'उन्हाळ्यात पाल्यांनी केलेल्या निसर्गनिरीक्षणाचा समाधानकारक पुरावा तपासणीच्या दिवशी दाखवावा. तो असमाधानकारक आढळल्यास पाल्यांना नजीकच्या शाळेत दाखल करण्यात येईल.'

"समाधानकारक म्हणजे किती?" मी हिला विचारलं. ही म्हणजे माझी बायको आणि मुलांची अख्खी शाळा. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, शिपाई आणि मधल्या सुट्टीची घंटा, सगळं तीच.

"ते तपासायला येणाऱ्या बाईंना विचारा. आणि आधी तो साबण पुसा, डोळ्यात जाईल."

तोपर्यंत गेला होता.

थोरली अकरा वर्षांची आहे. तिला सगळे ताई म्हणतात. मीही म्हणतो, कारण तिच्यासमोर उभं राहिलं की तोंडून आपोआप तसंच निघतं. धाकटा सात वर्षांचा. तो काहीही करताना नाकातल्या नाकात गुणगुणत असतो म्हणून त्याचं नाव भुंगा. भुंग्याने त्या पत्राचं विमान करायची परवानगी मागितली. ताईने मात्र ते दोनदा वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि दूध तसंच सोडून उठली. ती पूर्वी दोन वर्षं शाळेत गेली होती. तिथे तिच्या प्रत्येक प्रश्नाला 'नंतर' असं उत्तर मिळायचं आणि त्या नंतरची तारीख काही उजाडायची नाही. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "बाबा, नजीकची शाळा म्हणजे कुठली?" मी बूटही न काढता जाहीर केलं की यंदाच्या उन्हाळ्यात निसर्ग माझ्या हातून सुटत नाही.

निसर्ग सुटला नाही, पण हातीही लागला नाही. पहिल्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो. तिथे पाण्यातल्या एका ओंडक्यावर बसलेला पांढरा पक्षी मी मुलांना दाखवला आणि पक्ष्याची एकाग्रता या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. मग वारा आला आणि ती पिशवी उडून गेली. दुसऱ्या रविवारी टेकडी. नकाशा माझ्या हातात होता, त्यामुळे आम्ही टेकडीच्या ऐवजी सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कारखान्याच्या मागच्या अंगणात पोहोचलो. तिथल्या रखवालदाराने मोठ्या मनाने सगळे पाइप दाखवले. भुंगा एका पाइपातून गुणगुणत आत गेला आणि दुसऱ्या टोकाने सिमेंटचा होऊन बाहेर आला. तिसऱ्या वेळी मी धोका पत्करला नाही. थेट सरकारी वनस्पती उद्यान! ते दुरुस्तीसाठी बंद होतं. फाटकावरच्या पाटीशी माझा वाद चालू असताना दोन्ही मुलं फाटकाखालून जाणाऱ्या मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवी बसली ती तासाभराने उठली.

"फुकट गेला दिवस," मी परतीच्या बसमध्ये म्हणालो.

"फुकट कसा?" ताई म्हणाली. "मुंग्या येताना आणि जाताना एकमेकींना हात लावतात. आम्ही एकशेबारा वेळा मोजलं."

त्या रात्री हिने निकाल दिला. "लांब जायचं काही अडलं नाहीये. तुम्ही नकाशा हातात घेऊ नका आणि मुलांना आपली गल्ली बघू दे. सकाळी सातला, रोज."

हिची शिकवायची एक पद्धत आहे. निरीक्षणाच्या वहीत प्रत्येक पानाचे दोन रकाने करायचे. एकावर लिहायचं 'पाहिलं', दुसऱ्यावर 'वाटलं'. डोळ्यांनी पाहिलं असेल तेच पहिल्या रकान्यात जातं. अंदाज, तर्क, कुणीतरी सांगितलेलं, सगळं दुसऱ्यात. पद्धत उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार एवढीच आहे की सात दिवसांची वही मी उघडून बघितली तेव्हा पहिल्या रकान्यात मी कुठेच नव्हतो. दुसऱ्या रकान्यात मात्र पानोपानी होतो. 'बाबांना वाटलं हा साप आहे. (बागेचा पाइप.)' 'बाबांना वाटलं पाऊस येईल.' 'बाबांना वाटलं त्यांना माहीत आहे.' एका मोठ्या कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागाचा मी प्रमुख आहे. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. अशा माणसाचं घरच्या दप्तरात हे स्थान!

पण रेकॉर्डचा माणूस रेकॉर्डमध्येच आपली जागा परत मिळवतो. त्या वहीत मला एक मोठा दोष सापडला. झाडांना नंबर नव्हते. 'स्कूटरजवळचं झाड', 'वाकडं झाड', 'वाकड्याच्या पुढचं झाड' अशा नोंदी. उद्या स्कूटर विकली तर झाड शोधायचं कुठे? मी दुकानातून पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला आणि रविवारी सकाळी गल्लीतल्या एकूण तेवीस झाडांवर, छातीच्या उंचीवर, ठसठशीत आकडे घातले. पिवळा अशासाठी की लांबून दिसतो.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर काका खाली आले. आमच्या गल्लीत कुणी खिळा ठोकला तरी काका खाली येतात.

"छातीची उंची हे प्रमाण नाही," ते म्हणाले. "कुणाची छाती? जमिनीपासून एकशे सदतीस सेंटिमीटर घ्या."

मी सात नंबरपर्यंत पोहोचलो होतो. काकांनी घरून टेप आणला. पहिले सात आकडे खरवडून पुन्हा घातले. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या झाडांचे आकडे इतके सरळ रेषेत आहेत, की एखाद्या खात्याने घातले असावेत असं वाटावं. हे वाक्य मी त्या दिवशी अभिमानाने म्हटलं होतं. पुढे ते मला फार महागात पडलं.

चौदा नंबरला जुनी तुती होती. बुंधा पोकळ, आणि माझ्या डोक्याच्या हातभर वर एक ढोली. नंबर घातल्याच्या तिसऱ्याच दिवशी भुंगा पळत आला. एक पक्षी त्या ढोलीत चोचीतून अळी घेऊन गेला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला, असं त्याचं म्हणणं होतं. डोक्यावर तुरा, अंगावर काळेपांढरे पट्टे, चोच लांब आणि वाकडी.

"सुतारपक्षी," मी पेपरमधून डोकं वर न काढता म्हणालो.

ताईने ते दुसऱ्या रकान्यात लिहिलं, वाचनालयातून पुस्तक आणलं आणि दुपारी पक्षी चित्राशी ताडून पहिल्या रकान्यात लिहिलं: हुदहुद. मादी आत अंड्यांवर बसते, नर तिला बाहेरून आणून भरवतो, हे पुस्तकातलं मात्र दुसऱ्या रकान्यात गेलं. दोघं रोज सकाळी सात ते नऊ समोरच्या पायरीवर बसू लागली. नर किती वाजता आला, चोचीत काय होतं, किती वेळ आत होता, सगळं मिनिटांसकट. सोळाव्या दिवशी ढोलीतून बारीक चिरचिर ऐकू आली. पुढे पिल्लं तोंड बाहेर काढू लागली. ताईने तीन पाहिली.

"चार आहेत," भुंगा म्हणाला. "आवाज चार आहेत. एकाचा बसका आहे."

"दिसलं का चौथं?" हिने विचारलं.

"नाही."

'भुंग्याला वाटलं चार आहेत,' ताईने दुसऱ्या रकान्यात लिहिलं. तो त्या दिवशी जेवताना गुणगुणला नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या रकान्यातलं दुःख मला कळत होतं.

आणि मग वास सुरू झाला.

हुदहुदची मादी घरट्यात असताना तिच्या अंगाला घाण वास येतो, आणि पिल्लांनाही येतो, म्हणजे शत्रू जवळ येत नाही. हे आम्हाला आता ठाऊक आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की गल्लीत काहीतरी सडलंय. तुतीच्या अगदी समोर डेंटिस्ट मॅडमचा दवाखाना. खिडकी उघडली की वास आत. खुर्चीवर आ वासून पडलेल्या पेशंटला वाटायचं वास दवाखान्याला येतोय आणि मॅडमना वाटायचं पेशंटच्या तोंडाला. मॅडम मोकळ्या स्वभावाच्या आहेत. त्यांनी एका जुन्या पेशंटला तसं सांगितलं. तो उठून गेला तो अर्धा दात तसाच घेऊन.

"तुम्ही ऑफिसातले आहात, तुम्ही अर्ज लिहा," मॅडम मला म्हणाल्या. काकांचंही तेच मत पडलं. ड्रेनेज फुटलंय, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. उतार चुकलाय हे ते सहा वर्षांपासून सांगत होते. माझ्या अर्जाची तारीफ झाली की मला नाही म्हणता येत नाही. मी दीड पानी अर्ज लिहिला. 'असह्य', 'आरोग्यास अपायकारक' आणि 'त्वरित' हे शब्द अधोरेखित केले. एवढा चांगला अर्ज ड्रेनेज विभागाकडे बहुधा कधी आला नसावा, कारण दुसऱ्याच दिवशी चार माणसं आली आणि त्यांनी गल्लीतली सगळी, म्हणजे नऊच्या नऊ, चेंबरं उघडली. मग जो वास सुटला त्यापुढे आदल्या दिवशीचा वास अत्तरासारखा वाटला. चेंबरं स्वच्छ निघाली. उतारही बरोबर निघाला. काका दोन दिवस गॅलरीत आले नाहीत.

वासाचं मूळ शेवटी भुंग्यानेच शोधलं. नाक वर करून तो एकेक झाड हुंगत गेला आणि चौदा नंबरपाशी थांबला. "इथून येतोय. मला उचला बाबा."

मी कामावर निघालो होतो, इस्त्रीचा शर्ट घातला होता. पण मुलाच्या जिज्ञासेआड बापाने येऊ नये असं मी नेहमी म्हणतो. मी त्याला खांद्यावर घेतलं. त्याने ढोलीत डोकावलं आणि पुढच्या क्षणाला हुशारीने डोकं बाजूला केलं. मला बाजूला होता आलं नाही, कारण माझ्या खांद्यावर तो होता. ढोलीतल्या त्या इवल्याशा जिवांनी शेपट्या आमच्याकडे करून जी पिचकारी मारली ती थेट माझ्या कपाळापासून कॉलरपर्यंत आली. डेंटिस्ट मॅडमनी खिडकीतून ते पाहिलं आणि वासाचा उलगडा झाल्याच्या आनंदात टाळ्या वाजवल्या.

ही घरातून धावत आली. मला वाटलं टॉवेल घेऊन. ती भुंग्याला रागवायला आली होती. "घरट्यात डोकं घालतात का? आई घाबरून सोडून गेली म्हणजे? आजपासून दहा पावलं लांब!" मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि तिने तोंडाला पदर लावला, तो वासासाठी की हसण्यासाठी ते मी अजून विचारलेलं नाही. वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: 'सकाळी ८.१०. पिल्लांनी शेपट्या वर केल्या. बाबा खाली होते.' पहिल्या रकान्यात! महिनाभराच्या प्रतीक्षेनंतर मी पहिल्या रकान्यात आलो, तो असा.

तपासणी गुरुवारी अकराला ठरली होती. मी रजा टाकली, दिवाणखाना आवरला, वहीला नवं कव्हर घातलं. ताई पहाटेपासून जागी होती. साडेनऊला बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहतो तर पाच माणसं, दोरखंड, शिडी, करवतीचं मशीन, आणि हातात कागद घेतलेला मुकादम चौदा नंबरच्या तुतीसमोर उभा.

मी खाली गेलो तेव्हा ताई अनवाणी तिथे पोहोचलेली होती. तिने झाडाला पाठ लावली होती.

"काय चाललंय?" मी मुकादमाला विचारलं.

"झाडतोड. पाण्याच्या टाकीमागची गल्ली, पिवळा नंबर घातलेली झाडं. रस्ता रुंद करायचाय. हे बघा." त्याने कागद दाखवला. "टाकी आहे, गल्ली आहे, पिवळा नंबर आहे. सगळ्यात पोकळ झाडापासून सुरू करा, असा साहेबांचा आदेश आहे."

टाकीमागे दोन गल्ल्या आहेत. रस्ता रुंद होणार होता तो पलीकडच्या गल्लीत. तोडायच्या झाडांवर उद्यान विभाग पिवळ्या रंगात, छातीच्या उंचीवर आकडे घालतो, हे ज्ञान मला त्या क्षणी प्राप्त झालं.

"अहो, हे नंबर मी घातलेत," मी म्हणालो.

मुकादमाने आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे पाहिलं. "साहेब, रोज एक जण तरी असं सांगतो. परवा एका आजीबाईंनी सांगितलं की नंबर त्यांच्या नातवाने घातलाय. हे सरकारी काम आहे. किती सरळ रेषेत आहे बघा."

"टेप लावून घातलेत ते!" काका गॅलरीतून ओरडले. "एकशे सदतीस सेंटिमीटर!" या माहितीने मुकादमाची खात्री आणखीच पटली.

"साहेबांचं पत्र आणा, मी थांबतो. पण अकरापर्यंत. पुढे माझ्या माणसांचा दिवस जातो."

मी पलीकडच्या रस्त्यावरच्या उद्यान कार्यालयात धावत गेलो. पायात घरातल्या सपाता होत्या, हे मला तिथल्या शिपायाने सांगितलं. उद्यान अधिकारी चष्मा कपाळावर चढवून एका कुंडीकडे बघत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी रजिस्टर काढलं, पानं उलटली.

"तुमच्या गल्लीत आमच्या दप्तरी एकही झाड नाही."

"बरोबर! म्हणजे ती तोडायची नाहीत."

"म्हणजे ती नाहीत. तोड थांबवायच्या हुकुमात झाडाचा नोंदणी क्रमांक घालावा लागतो. ज्याची नोंदच नाही त्याची तोड मी थांबवू कशी?"

आयुष्यात पहिल्यांदा मी खिडकीच्या या बाजूला उभा होतो आणि पलीकडचा माणूस नियमाने अगदी बरोबर बोलत होता. मीही हेच उत्तर एकोणीस वर्षं लोकांना देत आलो आहे. त्या सगळ्यांची मनोमन माफी मागून मी म्हणालो, "साहेब, त्यात हुदहुदची पिल्लं आहेत हो!"

अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "हे आधी सांगायचं. चालू घरटं असलेलं झाड पिल्लं उडेपर्यंत तोडता येत नाही, नोंद असो वा नसो. पण पुरावा लागतो. निदान पंधरा दिवसांची सलग निरीक्षणं, तारीखवार, वेळेसकट. तो नियम कागदावरच आहे म्हणा. माझ्या उभ्या नोकरीत असा पुरावा कुणी आणलेला नाही."

"एकोणतीस दिवसांची आहेत," मी म्हणालो, आणि माझा आवाज इतका चढला की शिपाई आत आला.

मी अधिकाऱ्यांना जवळजवळ ओढतच गल्लीत आणलं. अकराला पाच मिनिटं कमी होती. तुतीभोवती सगळी गल्ली जमली होती. ताई अजून झाडाला टेकून उभी होती, दोन्ही हातांनी वही छातीशी धरलेली. डोळे भरलेले होते, पण ती हललेली नव्हती. ही तिच्या शेजारी, भुंगा दोघींच्या मध्ये. आणि मुकादमाच्या बाजूला, खांद्याला पिशवी लावलेल्या, केस करडे झालेल्या एक अनोळखी बाई शांतपणे सगळं बघत होत्या. मला वाटलं डेंटिस्ट मॅडमच्या पेशंट असतील. मी त्यांना म्हणालो, "बाई, जरा बाजूला व्हा, इथे महत्त्वाचं काम चाललंय." त्या निमूट बाजूला झाल्या.

अधिकाऱ्यांनी वही मागितली. ताईने आधी त्यांचे हात स्वच्छ आहेत का ते पाहिलं, मग दिली. ते उभ्याउभ्या वाचू लागले. पाच पानं, दहा पानं. मध्येच त्यांचे खांदे हलू लागले.

"'बाबांना वाटलं' ही नोंद खूप ठिकाणी आहे," ते म्हणाले. "बाबा म्हणजे...?"

"मी," मी म्हणालो.

"वा!" त्यांनी वही मिटली आणि मुकादमाकडे वळले. "ज्या वहीत सख्ख्या बापाचं म्हणणं वेगळ्या रकान्यात ठेवलंय त्या वहीवर मी डोळे मिटून सही करीन. गाडी पलीकडच्या गल्लीत घ्या. हे झाड तोडायचं नाही."

टाळ्या पडल्या. मुकादम सोडून सगळ्यांनी वाजवल्या, मग मुकादमानेही वाजवल्या. ताई मटकन झाडाखाली बसली आणि ढसाढसा रडली. हिने तिला जवळ घेतलं. मीही घेतलं असतं, पण मला स्वतःलाच नाक पुसायचं होतं. माझ्या मुलीने आपल्या अक्षराच्या जोरावर करवत थांबवली होती. आमच्या घराण्यात असा माणूस झालेला नाही.

त्या अनोळखी बाई पुढे आल्या. "मी शिक्षण कार्यालयातून आले. तपासणी अकराची होती ना?"

त्यांना बाजूला व्हायला सांगणारा मी, पायात सपाता, इस्त्री मोडलेला. मला तुतीच्या ढोलीत जाऊन बसावंसं वाटलं.

बाई तिथेच पायरीवर बसल्या. पिशवीतून छापील तक्ता काढला. "तू सांग बाळ," त्या भुंग्याला म्हणाल्या, "दहा पक्ष्यांची नावं."

मी त्याच्याकडून घरी चोवीस पाठ करून घेतली होती. मी लांबून ओठ हलवून 'मोर, मोर' असं सुचवू लागलो.

"मला सहाच येतात," भुंगा म्हणाला. "बाकीचे अजून भेटले नाहीत."

बाईंनी काहीतरी लिहिलं. "आणि या घरट्यात पिल्लं किती?"

"तीन पाहिली," ताई म्हणाली.

"चार आहेत," भुंगा म्हणाला. "पण ते दुसऱ्या रकान्यात आहे."

बाईंनी पुन्हा काहीतरी लिहिलं, या वेळी बराच वेळ, आणि निकाल पत्राने कळेल असं सांगून त्या निघून गेल्या. जाताना हसल्या का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

पुढचे बारा दिवस मी पोस्टमनला जिन्यात गाठत होतो. ताई संध्याकाळी भुंग्याला पाढे म्हणायला लावायची. कशाला, विचारलं तर म्हणाली, "नजीकच्या शाळेत लागतील." हिला मी तेवढ्या दिवसांत एकदाच घाबरलेलं पाहिलं. मुलांची पुस्तकं आवरता आवरता ती थांबली आणि म्हणाली, "नाही मिळाली परवानगी तर मी दिवसभर काय करू हो?" मी पुस्तकं तिच्या हातातून घेऊन परत फळीवर ठेवली.

तेराव्या दिवशी, सकाळी साडेसातला, पहिलं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी आलं आणि सरळ उडालं. भुंग्याने आरोळी ठोकली. पाच मिनिटांत गल्ली जमली. काका टेप घेऊन आले, कशाला ते त्यांनाच ठाऊक. डेंटिस्ट मॅडम हातात आरसा घेऊन, आणि त्यांच्या मागे तोंडात कापूस धरलेला पेशंट. दुसरं उडालं. तिसरं ढोलीत पुढे मागे करत राहिलं, आणि नेमका तेव्हाच पोस्टमन आला. लांबट, पिवळं पाकीट, शिक्षण कार्यालयाचा शिक्का.

मी पाकिटाचं टोक फाडणार एवढ्यात ताईने माझा हात धरला.

"थांबा बाबा."

"अगं, निकाल आहे!"

"असू दे. आधी ती उडू देत."

तिचा हात थंडगार होता, पण पकड घट्ट होती. मी पाकीट धरून उभा राहिलो. तिसरं पिल्लू उडालं, समोरच्या तारेवर बसलं. टाळ्या पडल्या. झालं म्हणून लोक पांगू लागले. काकांनी टेप गुंडाळला.

"अजून एक आहे," भुंगा म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. ताईने ऐकलं. ती त्याच्याजवळ जाऊन बसली. मग ही बसली. मग मीही पाकिटासकट बसलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. पाकिटाला माझ्या घामाने ओल आली. नर तारेवरून दोनदा ढोलीपाशी येऊन गेला, चोचीत अळी, पण आत न जाता बाहेरूनच दाखवून. आणि मग ढोलीतून एक बसका आवाज आला.

आधी तुरा दिसला. मग चोच. सगळ्यांत लहान, एका बाजूची पिसं विस्कटलेली. त्याने आमच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, पंख उघडले, मिटले, आणि आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळायच्या आत ते हवेत होतं. थोडं खाली गेलं, आणि मग ते सावरलं आणि वर गेलं.

भुंगा ओरडला नाही. तो फक्त उभा राहिला, आणि ताईने त्याला उचलून घेतलं. तो तिला पेलवत नाही, तरी उचललं.

"आता फोडा," ती मला म्हणाली.

परवानगी मंजूर झाली होती. एक वर्षाची नव्हे, तीन वर्षांची. मी ते मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं. ताईने माझ्या कमरेला मिठी मारली आणि हिने भर गल्लीत माझा हात धरला. काका म्हणाले, त्यांना पहिल्यापासून खात्री होती. खाली, छापील मजकूर संपल्यावर, शाईच्या पेनाने एक ओळ लिहिलेली होती: 'चौथ्या पिल्लाचं काय झालं, ते कृपया कळवावे.'

उत्तराचा मसुदा मी त्याच दुपारी तयार केला. दोन पानं, तीन परिच्छेद, वर विषय आणि संदर्भ. घरात तो एकमताने फेटाळला गेला. मग भुंग्याने पोस्टकार्ड मागितलं, जमिनीवर पालथा पडून गुणगुणत लिहिलं आणि मला पेटीत टाकायला दिलं. मी वाटेत वाचलं. त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच होतं: 'उडालं. मी पाहिलं.'